नको असलेले फोन आणि आपला कायदा

(सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या कुटुंबमेळाव्यातील भाषण)



आजच्या प्रसंगी मोठ्या विषयांवर बोलणारे वक्ते कार्यवाहांनी बोलाविले आहेतच. माझ्या वाट्याला आलेला विषय लहान आहे. काहींना तो व्यासपीठावर आणण्याजोगाही वाटणार नाही. कर्ज घ्या, विमा उतरवा, प्लॉट पाहून जा, असे सांगणारे जे फोन दिवसाकाठी चार-सहा वेळा आपल्या खिशात वाजतात, त्यांना कायद्याच्या मार्गाने आवर कसा घालावा, एवढेच मला सांगावयाचे आहे. मी वकील नाही. विज्ञानाचा पदवीधर आणि बी. एड. झालेला शाळामास्तर आहे. परंतु नियम छापलेले असतात, ते वाचता येतात, आणि न समजल्यास पुन्हा वाचता येतात. मास्तराला एवढी सवय असतेच.

विषय लहान म्हटला खरा, पण त्याची एक बाजू लहान नाही. गेल्या वर्षी आमच्या शाळेत आठवीतला एक मुलगा मधल्या सुट्टीत पडला आणि त्याचे मनगट मोडले. कार्यालयातून त्याच्या आईला फोन लावला. शाळेचा नंबर नुकताच बदललेला होता. तीनदा लावला आणि तिन्ही वेळा तो तिकडून कापला गेला. शेवटी शिपायाला गाडीवरून वडगावला घरी पाठवावे लागले. बाई धावतपळत आल्या, आणि मुलाचा हात पाहून रडतच म्हणाल्या, "सर, रोज आठ-दहा फोन कर्जाचे येतात हो. अनोळखी नंबर घ्यायचाच सोडलाय मी." त्यांना कोण काय बोलणार? आपल्या रक्तदात्यांच्या यादीचे काम पाहणारे कार्यकर्तेही हेच सांगतात. अपरात्री रक्ताची गरज लागावी, यादीतल्या माणसांना एकामागून एक फोन करावेत, आणि पुष्कळांनी नंबर ओळखीचा नाही म्हणून तो घेऊच नये. फोन हे अडीअडचणीच्या वेळी हाक मारण्याचे साधन आहे. त्या हाकेला ओ देण्याची सवयच माणसे सोडू लागली, हे ह्या व्यापारामुळे झालेले खरे नुकसान. दुपारची झोपमोड किंवा रमजानात रोजा सोडण्याच्या ऐन वेळी आलेला फोन, हे त्यामानाने किरकोळच म्हणावयाचे.

आपल्या बेळगावात तर एकाच कर्जाची विनवणी सकाळी कानडीत, दुपारी हिंदीत आणि संध्याकाळी मराठीत होते. एवढे भाषिक सौहार्द सीमाभागात अन्यत्र क्वचितच पाहावयास मिळेल!

आता कायद्याकडे वळू. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण, ज्याला सर्वजण 'ट्राय' म्हणतात, ते १९९७ च्या अधिनियमाने स्थापन झाले. ज्यांना जाहिरातीचे फोन नको असतील त्यांची एक राष्ट्रीय नोंदवही असावी, अशी नियमावली त्याने २००७ साली केली. ती पुरी पडली नाही. २०१० साली दुसरी आली, आणि १९ जुलै २०१८ रोजी तिसरी. आज चालू आहे ती ही तिसरी, आणि तिच्यात १२ फेब्रुवारी २०२५ रोजी बरीच कडक दुरुस्ती करण्यात आली आहे. ह्याखेरीज संसदेने २०२३ साली जो दूरसंचार अधिनियम केला, त्याच्या २८ व्या कलमात ग्राहकाची पूर्वसंमती आणि अशी नोंदवही ह्या दोन्ही गोष्टींचा उल्लेख आहे. तेव्हा 'मला फोन करू नका' असे म्हणणे ही कोणा कंपनीकडे केलेली याचना नसून तो आपला हक्क आहे, हे आधी मनात पक्के करावे.

हा हक्क वापरण्याची पहिली पायरी फार सोपी आहे. आपल्या मोबाइलवरून १९०९ ह्या क्रमांकाला फोन करावा आणि सांगितल्याप्रमाणे आकडे दाबावेत. किंवा त्याच क्रमांकाला इंग्रजी अक्षरांत 'स्टार्ट', एक जागा सोडून शून्य, असा संदेश पाठवावा. शून्य म्हणजे सर्वच जाहिराती बंद. काहींना थोड्या जाहिराती हव्याही असतात, म्हणून आठ वर्ग पाडलेले आहेत. बँका, विमा व कर्जे हा पहिला, जमीनजुमला दुसरा, शिक्षण तिसरा, आरोग्य चौथा. पुढे घरगुती माल व वाहने, मनोरंजन व दळणवळण, सहली, आणि खाद्यपेये. तिसऱ्या वर्गाकडे मी दहावीच्या पालकांचे मुद्दाम लक्ष वेधतो. निकालाच्या सुमारास शिकवण्यांच्या वर्गांचे जे फोन सुरू होतात, त्यांत मुलाचे नाव, शाळा, कित्येकदा अपेक्षित टक्केसुद्धा त्यांना ठाऊक असतात. आईबापांना वाटते, एवढी माहिती आहे त्या अर्थी शाळेनेच पाठविले असेल. तसे मुळीच समजू नये.

एवढे केल्यावरही फोन थांबत नाहीत, आणि मग लोक म्हणतात, 'कायदा कागदावरच आहे.' हे म्हणणे अर्धेच खरे आहे. ते का, हे समजण्यासाठी फोन करणाऱ्यांच्या दोन जाती ओळखल्या पाहिजेत. पहिली जात नोंदलेल्या धंदेवाइकांची. त्यांनी जाहिरातीचा फोन १४० ने सुरू होणाऱ्या क्रमांकावरूनच करावा असा नियम आहे, आणि फोन करण्यापूर्वी आपली नोंद त्यांना पाहावी लागते. १९०९ वर नोंद केली की हे लोक बहुतांशी थांबतात. दुसरी जात न नोंदलेल्यांची. तुमच्याआमच्यासारखेच दहा आकडी सिमकार्ड घेऊन, भाड्याच्या खोलीत चार मुले बसवून, ते दिवसभर फोन लावीत असतात. नोंदवही पाहण्याचा प्रश्नच नाही, कारण त्यांचा मुळी धंदाच बेकायदा आहे. साध्या दहा आकडी क्रमांकावरून विक्रीचे फोन करण्यास नियमाने मुभाच नाही.

ह्यावरून घरात सर्वांना शिकवून ठेवण्यासारखी एक खूण सांगतो. बँका आणि वित्तसंस्थांच्या व्यवहारविषयक फोनांसाठी १६०० ने सुरू होणारे क्रमांक काढलेले आहेत, आणि ते वापरण्याविषयी रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२५ मध्ये बँकांना परिपत्रक पाठविले. म्हणजे जाहिरात असेल तर १४०, खात्याच्या कामाचे असेल तर १६००. साध्या नंबरावरून कोणी 'मी तुमच्या बँकेतून बोलतो' म्हणाला, तर तेथेच शंका घ्यावी. संदेशांनाही अशीच खूण आता लावलेली असते. पाठविणाऱ्याच्या नावापुढे आडवी रेघ आणि एक इंग्रजी अक्षर असते: 'पी' म्हणजे जाहिरात, 'एस' म्हणजे सेवा, 'टी' म्हणजे व्यवहार, 'जी' म्हणजे सरकारी.

दुसऱ्या जातीला आवर घालण्याचा उपाय एकच, आणि तो म्हणजे तक्रार. येथे आपले सर्वांचे चुकते. फोन आला की आपण चिडतो, कापतो, फार तर तो नंबर आपल्या फोनात अडवून ठेवतो. अडविल्याने आपल्यापुरता तो एक नंबर थांबला. पण शेजाऱ्याला तो वाजतच राहतो, आणि फोन करणाऱ्याला दंड होत नाही, समजही मिळत नाही. आपण वैतागलो, हे कायद्याला आपोआप कळण्याची सोय नाही. त्याच्या दप्तरी तक्रारीचा आकडा पडला पाहिजे.

ती कशी करावयाची? पूर्वी तीन दिवसांच्या आत करावी लागे. २०२५ च्या दुरुस्तीने ती मुदत सात दिवस झाली. १९०९ ला फोन करून, त्याच क्रमांकाला संदेश पाठवून, किंवा आपल्या कंपनीच्या अथवा ट्रायच्या अॅपवरून ती करता येते. आपला नंबर, ज्याने फोन केला त्याचा नंबर, तारीख, आणि काय म्हणाला ते एका ओळीत, एवढे पुरते. पूर्वी नोंदवहीत नाव नसले तर तक्रार घेत नसत. न नोंदलेल्या फोनवाल्याविरुद्ध ती अट आता उरलेली नाही, कोणाही ग्राहकाची तक्रार घ्यावी लागते. आपली कंपनी ती तक्रार फोन करणाऱ्याच्या कंपनीकडे धाडते आणि कारवाई त्या कंपनीने करावयाची असते. ह्या कारवाईस पूर्वी तीस दिवसांची मुदत होती, ती आता पाच दिवसांची केली आहे.

आता ह्या साऱ्या नियमावलीतला जो भाग मला आपल्या ट्रस्टच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा वाटतो, तो ऐका. एका माणसाच्या एका तक्रारीने सहसा काही होत नाही. जुन्या नियमाप्रमाणे सात दिवसांत दहा तक्रारी आल्या तर फोनवाल्यावर कारवाई सुरू होई. आता दहा दिवसांत पाच तक्रारी पुरतात. पाच! पहिल्या खेपेस त्याचे बाहेर जाणारे फोन पंधरा दिवस बंद होतात. पुन्हा केले तर त्याच्या नावावरची सर्व जोडणी, सर्व कंपन्यांची, एक वर्षासाठी तोडण्याची आणि त्याचे नाव काळ्या यादीत घालण्याची तरतूद आहे. तक्रारींचा हिशेब चुकीचा दाखविणाऱ्या मोबाइल कंपनीलाही पहिल्या वेळी दोन लाख, दुसऱ्या वेळी पाच लाख आणि त्यापुढे दर वेळी दहा लाख रुपये भुर्दंड बसतो.

शहापुरात, खडेबाजारात, कॅम्पात, अनगोळला आपली किती घरे आहेत? एखाद्या याद्यावाल्याकडून घेतलेले नंबर लावावयास बसलेला इसम त्याच आठवड्यात त्या यादीतल्या अनेकांना फोन करतो, हे उघड आहे. त्यांतल्या पाच जणांनी दहा दिवसांत आपापली तक्रार नोंदविली तर त्याचे दुकान बंद होऊ शकते. पण ज्याला फोन आला त्यानेच, त्याच फोनवरून, खऱ्या तारखेनिशी तक्रार करावी. शेजाऱ्याला आला म्हणून आपणही ठोकून द्यावी, हा प्रकार नको. खोट्या तक्रारीने खऱ्या तक्रारीचे वजन जाते, आणि एखाद्या गरीब दुकानदाराचा नंबर विनाकारण बंद पडावयाचा.

अमेरिकेत ह्या कामी निराळी रीत आहे. तेथे १९९१ च्या कायद्याने ग्राहकाला स्वतः न्यायालयात जाऊन एकेका बेकायदा फोनामागे पाचशे डॉलर मागता येतात, आणि मुद्दाम केलेला असल्यास न्यायाधीश ती रक्कम तिप्पट करू शकतो. नोंदवही त्यांनी २००३ साली सुरू केली. आपल्या नियमांत कंपनीकडून वसूल होणाऱ्या पैशातली दमडीही तक्रार करणाऱ्याच्या हाती पडत नाही. मला ती रीत अधिक पसंत आहे की ही, असे विचाराल तर माझे उत्तर असे, की पाचशे डॉलर तेथेही पुष्कळदा वकिलाच्याच उपयोगी पडत असतील! पण आपल्याकडे पदरात काही पडत नाही म्हणून तक्रार करण्याचा कंटाळा येतो, हे मान्य केले पाहिजे.

नोंद करूनही फोन येण्याचे आणखी एक कारण आहे, आणि ते आपल्याच हातचे आहे. ज्या कंपनीला आपण स्वतः संमती दिली असेल तिला नोंदवही आड येत नाही. ही संमती आपण केव्हा देतो? दुकानात सवलतीच्या कार्डावर सही करताना, बक्षिसाच्या सोडतीची चिठ्ठी भरताना, अॅप उतरवून घेताना न वाचता 'होय' दाबताना. दिलेली संमती मागे घेता येते. एकदा मागे घेतली की तीच कंपनी नव्वद दिवस पुन्हा विचारू शकत नाही. आणि दुकानदार नंबर मागू लागला तर 'का हवा?' असे विचारण्यास संकोच वाटू नये. बिल देण्यासाठी ग्राहकाच्या मोबाइल नंबराचा हट्ट धरू नये, असे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्येच दुकानदारांना कळविले आहे.

ह्याच ओघात घरचाही विषय काढतो. विश्वस्तांची परवानगी मी आधी घेतली आहे. पंचवीस वर्षांपूर्वी आपण रौप्यमहोत्सवाची स्मरणिका काढली. तिच्या शेवटच्या पानांवर सर्व सभासदांची नावे, पत्ते, व्यवसाय आणि फोन नंबर छापले होते. त्या काळी ती मोठीच सोय होती. लग्ने जमविण्यापासून नोकरीच्या चौकशीपर्यंत त्या यादीचा उपयोग झाला. सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिकेतही तशीच यादी असावी असा विचार चालू आहे. मित्रहो, आज अशी यादी म्हणजे विमावाल्यासाठी आणि प्लॉटवाल्यासाठी तयार पानावर वाढलेले ताट आहे. कोण सराफ, कोण डॉक्टर, कोण निवृत्त, कोण विधवा, सारे एका जागी, आणि स्मरणिका तर रद्दीच्या दुकानातही मिळते. शिष्यवृत्तीच्या अर्जावर एखाद्या बाईने आपला नंबर लिहून दिला तो मुलाची फी मिळावी म्हणून. तो छापला जावा म्हणून तिने दिलेला नाही.

हा केवळ सभ्यतेचा प्रश्न राहिलेला नाही. ज्या कामासाठी माहिती घेतली त्याच कामासाठी ती वापरावी, आणि ज्याची माहिती त्याची संमती असावी, हे तत्त्व २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमात घातलेले आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हावयाच्या आहेत. धर्मादाय संस्था म्हणून आपण त्यातून आपोआप सुटतो, अशा समजुतीत राहू नये. माझी सूचना अशी, की स्मरणिकेत नावे आणि गावे छापावीत, नंबर छापू नयेत. ज्यांना आपला नंबर छापून हवा असेल त्यांच्याकडून तसे लेखी घ्यावे. संपूर्ण यादी कार्यालयाच्या कपाटात राहील, आणि कोणा सभासदाला दुसऱ्याचा नंबर हवा असेल तर कार्यालयाने आधी त्याला विचारून मग द्यावा. अर्जांचे जुने गठ्ठे रद्दीत घालण्याऐवजी फाडून टाकावेत. जाहिरातदारांपैकी कोणी 'पानाचे पैसे दुप्पट देतो, यादी द्या' म्हणाला तर काय करावयाचे, हे विश्वस्तांना मी सांगावयास नको. महोत्सवाच्या देणग्यांसाठी आपण हजारो संदेश एकदम पाठविणार असू, तर तेही कोणा मुलाच्या साध्या सिमवरून पाठवू नयेत. नोंदणीची रीत आपल्यालाही पाळली पाहिजे.

फसवणुकीचे फोन मी आजच्या विषयात धरलेले नाहीत. पोलीस म्हणून धमकावणारे, ओटीपी मागणारे, ही जात निराळी आणि गुन्हेगारीची. पैसे गेले असतील तर क्षणाचाही विलंब न लावता १९३० ला फोन करावा. पैसे गेले नसून नुसता संशय असेल, तर सरकारच्या 'संचार साथी' ह्या संकेतस्थळावर 'चक्षू' म्हणून जो विभाग मार्च २०२४ पासून आहे, तेथे कळवावे. आपल्या नावावर किती सिमकार्डे निघाली आहेत, हेही त्याच संकेतस्थळावर दिसते. प्रत्येकाने एकदा अवश्य पाहावे.

शेवटी फोन करणाऱ्या माणसाबद्दल दोन शब्द. आपल्यातले काही तरुण त्यांना शिव्या देण्यात, खोटी नावे सांगून अर्धा अर्धा तास ताटकळत ठेवण्यात मोठी मौज मानतात. हा कायद्याचा मार्ग नव्हे. शिवीगाळ केली तर तक्रार उलट आपल्यावरच यावयाची. शिवाय त्या टोकाला बसलेली मुलगी कोण आहे? माझ्या शाळेतून बारावी होऊन पुण्याबंगळूरकडे गेलेल्या मुलामुलींपैकी काहीजण ह्याच टेबलांवर बसले आहेत. दिवसाला इतके फोन लावलेच पाहिजेत असे त्यांना बांधून दिलेले असते, आणि नंबरांची यादी मालकाची असते. त्यांतली एक मुलगी सुट्टीत भेटावयास आली होती. ती म्हणाली, "सर, नको म्हणून शांतपणे सांगितलं ना, तरी आम्हांला बरं वाटतं." तेव्हा 'नको, आणि पुन्हा करू नका,' एवढे सांगावे, फोन ठेवावा, आणि नंबर व तारीख टिपून घेऊन मालकाच्या धंद्याविरुद्ध तक्रार करावी. ह्या दोहोंत विरोध काहीच नाही.

कार्यवाहांनी पुढील चार रविवार सकाळी दहा ते बारा ट्रस्टच्या वाचनालयाची खोली मोकळी ठेविली आहे. नववी-दहावीचे सहा विद्यार्थी आणि मी तेथे बसू. नोंद आणि तक्रार कशी करावयाची ते प्रत्येकाच्या स्वतःच्या फोनवर दाखवू. विशेषतः वृद्ध मंडळींनी यावे. येताना फोन, चष्मा आणि गेल्या सात दिवसांत नकोसे फोन आलेल्या नंबरांचा कागद बरोबर असावा. ओटीपी मात्र आम्हांलाही सांगू नका.